मजकूर वेगळा, पेहराव वेगळा

दीडशे पानांचा अहवाल तयार असतो आणि साहेब म्हणतात, ‘‘मथळे जरा मोठे करा, निळे करा.’’ एकेक मथळा माउसने निवडून ठळक केला असेल, तर रात्र गेलीच म्हणून समजा. पण टाइप करतानाच त्या ओळींना ‘हेडिंग १’ ही स्टाइल दिली असेल, तर बदल एकाच ठिकाणी करायचा. सगळे मथळे क्षणात निळे! अनुक्रमणिकाही त्यातूनच तयार होते.

तत्त्व साधं आहे. ओळ ‘काय आहे’ ते मजकुरात सांगायचं, ‘कशी दिसावी’ ते दुसरीकडे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात रचलेल्या लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीत लेखक ‘हे प्रकरण’, ‘ही तळटीप’ एवढ्याच खुणा करतो. वेबपानांसाठी १९९६ साली प्रमाणित झालेली सीएसएस ही मांडणीची भाषाही याच वाटेनं जाते. म्हणून एकच मजकूर मोबाइलवरही बसतो आणि कागदावरही.

हे तत्त्व न पाळल्याचा चटका मराठीने सोसला आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये अक्षराची ओळखच फाँटला बांधलेली असे. फाँट बदलला की मजकुराची इंग्रजी अक्षरांत खिचडी. युनिकोडमध्ये मात्र ‘म’ कुठलाही पेहराव चढवून ‘म’च राहतो.