लांब कानांचा कुत्रा आणि 50 रुपयांचा दंड

महानगरांतील पाळीव प्राण्यांच्या दुकानात कॉकर स्पॅनियलचे पिल्लू पाहून ज्याचे पाऊल थबकले नाही, असा माणूस विरळाच. डोळ्यांच्या पातळीपासून लोंबणारे रेशमी केसांचे लांब कान, आर्जवी नजर आणि क्षणभरही स्थिर न राहणारे शेपूट. पूर्ण वाढलेला कुत्राही जेमतेम 40 सेंटिमीटर उंच आणि 13-14 किलो वजनाचा. म्हणजे शहरी सदनिकेत सहज मावणारा, असा ग्राहकाचा समज.

हा समजच फसवा आहे. इंग्लंडमधील झुडपांतून वुडकॉक हा पक्षी उठवून देणे हे या कुत्र्याचे मूळ काम. ‘कॉकर’ हे नावही त्यावरूनच पडले. वास घेत दिवसभर धावायचे आणि तरीही मालकाच्या इशाऱ्याकडे लक्ष ठेवायचे, ही त्याची वृत्ती. ब्रिटनमध्ये अमली पदार्थ व स्फोटके हुडकण्यासाठी स्पॅनियल आजही वापरले जातात. त्याला बाल्कनीत बांधून ठेवले की तो भुंकतो, वस्तू कुरतडतो आणि मग ‘हट्टी’ ठरतो. कानांचेही तसेच: जड पाळीखाली हवा खेळत नाही, आणि मुंबई-कोलकात्याच्या दमट हवेत तेथे संसर्ग बळावतो. विक्रेता हे क्वचितच सांगतो.

शिवाय स्वभावाचा पाया दुकानात येण्यापूर्वीच पडतो. चावा किती जोराने घ्यावा, हेदेखील पिल्लू आई व भावंडांसोबतच शिकते. म्हणूनच केंद्राच्या 2017 च्या श्वानप्रजनन व विक्री नियमांतील आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्याची मनाई महत्त्वाची. प्रजनन करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, मादीची आयुष्यात पाचांहून अधिक वेते होऊ नयेत, असेही हे नियम सांगतात. मात्र ज्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यावर ते आधारलेले आहेत, त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे 10 ते 50 रुपये! पिल्लू हजारो रुपयांना विकणाऱ्याचा चहापाण्याचा खर्चही याहून अधिक असेल. हा कायदा कडक करणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा केंद्राने 2022 मध्ये सूचनांसाठी खुला केला होता. त्याचे पुढे विधेयक येणे बाकी आहे. तोवर खरेदीदाराने पिल्लू त्याच्या आईसह पाहण्याचा आग्रह धरावा आणि नोंदणी क्रमांक मागावा.