रस्ता शोधणारे स्विच

दोस्तांनो, एक कॉलेज डोळ्यांसमोर आणा. इमारती तीन : ऑफिस, लायब्ररी आणि लॅब. प्रत्येक इमारतीत एक स्विच आणि तिन्ही स्विच एकमेकांना वायरीने जोडलेले. लॅबमधून ऑफिसला फाइल निघाली, आणि नेमकी मधली वायर उंदराने कुरतडली! आता?

लायब्ररीवरून वळसा घालता येईल, हे तुम्हाला लगेच सुचलं. पण स्विचला ते कसं सुचणार? एक उपाय म्हणजे माणसाने सगळे रस्ते हाताने लिहून द्यायचे. दुसरा उपाय म्हणजे रस्ते निवडू शकणारे स्विच आणायचे आणि त्यांना आपसात बोलायला लावायचं. त्या बोलण्याचे नियम ठरलेले असतात. १९८९ साली जाहीर झालेला आणि आजही वापरात असलेला असाच एक नियमसंच म्हणजे ओएसपीएफ.

तो सुरू करायला कामं मोजकीच. प्रत्येक स्विचला वेगळा ओळख-क्रमांक द्यायचा. कोणकोणत्या जोडण्या या बोलण्यात घ्यायच्या ते सांगायचं. सगळ्यांना एकाच विभागात, म्हणजे ‘विभाग शून्य’मध्ये ठेवायचं. आणि हो, शेजाऱ्यांसाठी एक गुप्त शब्दही ठरवायचा!

मग स्विच दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला हाक देतात, ‘‘मी आहे हं!’’ ४० सेकंद हाक आली नाही, की शेजारी गेला असं धरायचं. वायर तुटल्याचं थेट कळलं, तर तेवढंही थांबायचं नाही. ही बातमी सगळीकडे पोचते आणि प्रत्येक स्विच आपला नकाशा दुरुस्त करतो.

नकाशावरून जवळची वाट काढायची युक्ती मात्र जुनी आहे, बरं का! हॉलंडच्या एड्सगर डाइक्स्ट्रा यांना ती १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत कॉफी पिताना सुचली, तीही कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत! इथे ‘जवळची’ म्हणजे कमी खर्चाची. समजा, थेट पण मंद वायरीचा खर्च १० आहे आणि वळशाच्या दोन वेगवान वायरींचा प्रत्येकी १. मग वळसाच स्वस्त!

पण सगळे एकमेकांच्या बातमीवर विसंबले, की एक धोकाही येतो. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अमेरिकेतलं अर्पानेट हे जाळं काही तास ठप्प झालं. यंत्रातल्या बिघाडामुळे एका बातमीचे क्रमांक बिघडले आणि तिच्या तीन प्रती फिरू लागल्या. तिथे क्रमांक घड्याळासारखे गोल फिरत. त्यामुळे पहिलीपेक्षा दुसरी नवी, दुसरीपेक्षा तिसरी नवी आणि तिसरीपेक्षा पुन्हा पहिली नवी! यंत्रं त्याच बातम्या पुढे ढकलत बसली. ओएसपीएफमध्ये क्रमांक सरळ वाढतो. शिवाय तासाभरात ताजी न झालेली बातमी बाद होते.

तरीही गुप्त शब्दाने एवढंच कळतं, की बोलणारा आपल्यातला आहे. तो सांगतोय ते खरं आहे, हे त्यावरून कळत नाही. म्हणून जोडणी करणाऱ्याने शेवटी प्रत्येक स्विचचे शेजारी आणि रस्ते स्वतः तपासायचे असतात.

आता कागदावर पाच टिंबं काढा, रेघांनी जोडा आणि प्रत्येक रेघेला खर्च द्या. स्वस्त वाट शोधा. मग त्यातली एक रेघ खोडा आणि पुन्हा शोधा. जमतंय का बघा!