चव्वेचाळीस आणि अठरा

सायकलींचे शहर म्हणून पुण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. डबलसीट, भाड्याच्या सायकली, नगरपालिकेचा बिल्ला, सगळे त्यात येते. त्या सायकलींच्या दात्यांचा विषय मात्र मिस्त्रीकडेच राहिला. काळ्या अठ्ठावीस इंची सायकलीला सर्रास पुढे ४४ दात्यांचे चेनव्हील आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असे. पिंपरी, आकुर्डी, भोसरीच्या कारखान्यांत कामगार गेले ते बहुधा याच जोडीवर.

४४ ला १८ ने भागून २८ ने गुणले की ६८ येतात. सायकलीचा गिअर असा इंचांत मोजायची रीत उंच चाकाच्या जुन्या सायकलीपासून आली. तिथे पायडल थेट पुढच्या चाकालाच असे, म्हणून चाक जेवढे मोठे तेवढी एका फेरीत मजल जास्त. ६८ इंची चाकावर बहुतेकांचे पाय पोहोचलेच नसते. चेनमुळे ते साधले. पायडलच्या एका फेरीत ही सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी जवळजवळ २० किलोमीटर. सपाट रस्त्यावर उत्तम. पण लोखंडी सायकल, मागे डबा आणि समोर चढ असेल, तर हा आकडा गुडघ्यांना जड आहे, असे माझे मत.

हा हिशेब आता पुन्हा मांडायचे कारण पिंपळे गुरवमध्येच आहे. इथल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गिअरच्या सव्वीस इंची सायकली धूळ खात पडलेल्या दिसतात. फ्रेम धड, चाके धड; बिघडलेली असते ती गिअर बदलायची यंत्रणा. आणि पवना ओलांडून कासारवाडीमार्गे भोसरीला कामावर जाणाऱ्याला साधी, न कुरकुरणारी सायकल हवी असते. तिला एकच गिअर ठेवला तर दोघांची गाठ पडते.

एक गिअर म्हणजे मागासलेपण नव्हे. तूर द फ्रान्समध्ये चालू सायकलीवर गिअर बदलायची परवानगी १९३७ साली मिळाली. तोवर घाटाच्या पायथ्याशी उतरून, मागचे चाक काढून उलटे बसवत. त्याच्या दुसऱ्या बाजूला वेगळ्या दात्यांची चकती असे.

स्वस्त गिअरच्या सायकलीत मागचा सहा-सात चकत्यांचा गठ्ठा बहुधा हबवर आट्यांनीच बसवलेला असतो. त्याच्या खाचेत बसणारा पाना लावून तो काढायचा आणि त्या आट्यांवर साधे फ्रीव्हील चढवायचे. पुढची चकती आणि फ्रीव्हील एका रेषेत आले पाहिजेत, नाहीतर चेन पडत राहते. त्यासाठी एक्सलवरचे वॉशर इकडचे तिकडे करावे लागतात आणि मग स्पोक ताणून चाक पुन्हा मधोमध आणावे लागते. घाई करणारा मिस्त्री हेच टाळतो.

चेन ताणायला मागच्या काट्याची खाच आडवी किंवा तिरकी हवी. एक दाता कमीजास्त झाला की चाक साधारण तीन मिलिमीटर पुढेमागे सरकते, एवढी जागा तिथे असते. खाच उभी असेल तर चेन ताणणारी वेगळी चकती लावावी, किंवा जुनी मागची यंत्रणाच एका जागी स्थिर करून त्या कामाला ठेवावी.

आता दाते. अशा सायकलींना पुढे पुष्कळदा ४२, ३४ आणि २४ च्या तीन चकत्या असतात. ४२ ला १६ चे फ्रीव्हील लावले तर सव्वीस इंची चाकावर पुन्हा तेच ६८ इंच येतात. काळी सायकल नव्या रंगात. ४२ ला १८ लावले तर ६१ इंच, तरुण माणसाला ठीक. पण नाशिक फाट्याचा उड्डाणपूल रोज चढणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला मी मधली ३४ ची चकती आणि १६ चे फ्रीव्हील सुचवेन. हे होतात ५५ इंच. शिवाय मधल्या चकतीमुळे चेनची रेषाही सहज जुळते. वेग जातो ही तक्रार फारशी खरी नाही: मिनिटाला ७५ फेऱ्या मारल्या की याच जोडीवर ताशी २० किलोमीटर पडतात. पाय भराभर फिरवायची सवय लावावी लागते, एवढेच.

फ्रीव्हील असल्याने पायडल थांबवून सायकल थांबत नाही, म्हणून दोन्ही ब्रेक ठेवावेत. चेन मधोमध बोटाने दाबल्यावर अर्धा इंच हलावी. पहिल्या आठवड्यानंतर मागचे नट पुन्हा आवळावेत, कारण चढावर जोर पडला की चाक उजवीकडून पुढे ओढले जाते.