काळा कोट नसलेले काका

जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात कधी उभे राहिला आहात? काळ्या कोटांच्या गर्दीत पांढऱ्या शर्टातले एखादे काका हमखास दिसतात. काखेत फायलींचा गठ्ठा, हातात डायरी आणि चाल अशी, की जणू शेवटची एस्टी सुटतेय! हे वकिलांचे कारकून. परदेशात अशाच मदतनिसाला पॅरालीगल म्हणतात. न्यायाधीशांपुढे युक्तिवाद करायचा अधिकार त्यांना नाही. पण ते एक दिवस आले नाहीत, तर वकीलसाहेबांची तारांबळ उडते.

समजा, रस्त्यात कुणाला ट्रकने उडवलं. चालकाला शिक्षा करायची की नाही, हे फौजदारी न्यायालय ठरवतं. पण मोडलेल्या पायाचं, बुडालेल्या पगाराचं काय? त्यासाठी मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे वेगळं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असतं. तिथे शिक्षा होत नाही, हिशेब होतो. दावा मान्य झाला, तर पैसे बहुधा गाडीची विमा कंपनी भरते.

आणि हिशेब म्हटला की कागद आलेच. फिर्यादीची नक्कल, पंचनामा, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, पगाराचा दाखला, अपंगत्वाचा दाखला, गाडीची विमा पॉलिसी. कारकून काका ते एकेक करून मिळवतात, क्रमाने लावतात, यादी करतात. औषधांच्या बिलांची ते आधी झेरॉक्स काढतात. का? मेडिकलच्या दुकानातल्या गुळगुळीत कागदावरची शाई काही महिन्यांत उडून जाते, आणि कोऱ्या कागदाचे पैसे कोण देणार! शिवाय दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. ती तारीख त्यांच्या डायरीत लाल शाईने असते.

आता एक कोडं. दोघांचा डावा हात गेला. एक सुतार, दुसरा सरकारी कचेरीतला कारकून. दोघांना भरपाई सारखीच? छे! सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नेमकं असंच उदाहरण दिलं. कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराची मात्र जवळजवळ सगळी कमाईच जाते. म्हणून जखम किती टक्के, एवढंच पाहून भागत नाही. तिने रोजीरोटीचं किती नुकसान केलं, ते पाहावं लागतं.

मग तुमच्याएवढ्या मुलाचं काय? त्याला तर पगारच नाही. २००७ साली आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून निघालेल्या बारा वर्षांच्या मुलीला ट्रकच्या धडकेत मेंदूला जबर इजा झाली. तिला आता जन्मभर कुणीतरी सांभाळायला हवं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यासाठी दोन मदतनिसांचा खर्च धरला. दोघांचे मिळून महिन्याला १०,००० रुपये. त्याला १२ ने गुणा, मग वयानुसार ठरलेल्या १८ या गुणकाने गुणा. किती आले? २१ लाख ६० हजार. बाकीचं धरून एकूण भरपाई ६२ लाखांच्या वर गेली. तिचं हरवलेलं बालपण मात्र कुठल्याच गुणकात बसत नाही. ते न्यायाधीशांनाही ठाऊक असतं.

गंमत म्हणजे कोर्टाच्या मराठीत अठरा वर्षांखालच्यांना ‘अज्ञान’ म्हणतात. रागावू नका हं! अज्ञानाच्या वतीने पालक सही करतात, आणि मिळालेली रक्कम सहसा बँकेत मुदत ठेवीत राहते. मधेच शस्त्रक्रियेसाठी पैसे काढायची वेळ आली, तर पुन्हा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. तो अर्ज घेऊन व्हरांड्यातून धावतात, तेही हेच काका.