नानाचा अंगठा कुठून दिसतो?

मुरबाडहून माळशेज घाटाकडे निघालात, की वैशाखरे गावाच्या आसपास खिडकीपाशी सरसावून बसा. सह्याद्रीच्या रांगेत एक भलामोठा अंगठा आभाळाकडे उभा दिसेल. हाच नानाचा अंगठा!

हा नाना कोण बरं? लोककथा सांगते, की नाना आणि गुणा अशा दोघांनी डोंगरात वाट बांधायला घेतली. ज्याची वाट आधी पुरी होईल, त्याचं नाव घाटाला द्यायचं ठरलं. नाना जिंकला आणि घाट झाला नाणेघाट!

आता अंगठ्याशेजारचा हा नाणेघाट चढून वर या आणि अंगठा शोधा. सापडणारच नाही! वर आहे गवताळ उतार. त्यावरून रमतगमत टोकाला जावं, तर पुढे जमीनच संपते. खाली थेट कोकण!

असं कसं झालं? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून पुन्हा पुन्हा लाव्हा बाहेर आला. तो पसरायचा, थिजायचा, मग त्यावर नवा लाव्हा यायचा. थालीपीठांची चळत रचावी तसे बेसॉल्ट खडकाचे थर एकावर एक चढले. थंड होताना खडक आकसला आणि त्याला उभ्या चिरा पडल्या. कोकणाच्या बाजूला पाऊस धो धो कोसळतो आणि ओढे वेगाने खाली धावतात. पाणी चिरांमध्ये शिरतं, खालचा मऊ थर झिजतो, मग वरच्या कठीण खडकाचा आधार सुटून तो ढासळतो. चिरा उभ्या, म्हणून तुकडाही उभाच सुटतो आणि कडा सरळसोट राहतो. जुन्नरच्या बाजूला मात्र पाणी संथ उतारावरून वाहतं, म्हणून जमीन हळूहळू झिजते.

मग सांगा, अंगठा हे नाव ठेवणारा माणूस कुठे उभा असेल? खालीच! कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून व्यापारी याच वाटेने जुन्नरला जात. खालून येणाऱ्याला लांबूनच खूण पटायची: अंगठा दिसला, घाट आला.

वर पोचलात, की आणखी एक नावाजलेला दगड भेटतो. एकाच दगडातून कोरलेला मोठा रांजण! व्यापाऱ्यांकडून घेतलेली नाणी त्यात टाकत, असं लोक सांगतात, म्हणून तो जकातीचा रांजण. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तो २००० वर्षांहून जुना आहे आणि त्यात भारतातले फार प्राचीन अंक कोरलेले आहेत. म्हणजे इथे हिशेब ठेवणारी माणसं होती, हे नक्की!

तुमच्या गावाजवळही नाव असलेला एखादा दगड किंवा सुळका असेलच. आजी-आजोबांना त्याची गोष्ट विचारा. मग मोठ्या माणसांबरोबर जाऊन तो निरनिराळ्या बाजूंनी पाहा, चारही बाजूंची चित्रं काढा आणि त्याचं नाव नेमकं कुठून शोभतं ते शोधा. त्या जागेवरून एखादी जुनी पायवाट जात असेल, तर तिचाही माग काढा!