तारपावाला कुठे गेला? वारली चित्रं, वाघोबा आणि जिव्या सोमा मशे

रियाधच्या आग्नेय बाजूला अल सुलै नावाचा भाग आहे. फिरायला येणारं कोणी तिकडे जात नाही. गोदामं, ट्रक, धूळ, आणि आपल्याकडची, केरळातली, पाकिस्तान-बांगलादेशातली कामावर जाणारी-येणारी माणसं. माझा मामेभाऊ तिथल्या एका गोदामात मालाचा हिशेब बघतो. मूळचा बोईसरचा. त्याच्या खोलीत भिंतीवर एक तांबडं कापड लावलंय, त्यावर पांढऱ्या रंगात वारली माणसं गोल धरून नाचतायत. मामीनं बॅगेत भरून दिलेलं. मी गेले तेव्हा सहज विचारलं, "दादा, हे काय चाललंय चित्रात?" तो म्हणाला, "नाच गं. आदिवासी लोकांचा. घरची आठवण म्हणून लावलंय."

बोईसरहून गंजाड तासाभराच्या अंतरावर आहे. या चित्रांना जगभर नेणारा माणूस गंजाडला राहायचा. दादाला त्याचं नाव माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर या विषयाला हात घालेपर्यंत मलाही नावापलीकडे फारसं काही माहीत नव्हतं.

पॉडकास्टच्या मागच्या भागात आपण पेगन अध्यात्म आणि कल्पनाविश्वं कलाकाराला कशी घडवतात यावर बोललो. उदाहरणं सगळी अमेरिका-इंग्लंडची होती. त्यावर कित्येकांनी विचारलं, आपल्याकडे असं कोणी नाही का? आहे. पण आपल्याकडची गोष्ट उलट्या दिशेनं चालते, म्हणून ती वेगळी लिहावी लागतेय.

आधी शब्द. लॅटिनमध्ये 'पागानुस' म्हणजे खेड्यातला माणूस. पुढे ख्रिस्ती धर्म शहरांतून पसरला आणि जुने देव धरून बसलेल्यांना हा शब्द चिकटला. म्हणजे 'गावंढळ' या शब्दात जो नाक मुरडण्याचा सूर आहे ना, तोच. विसाव्या शतकात काही लोकांनी तो अभिमानानं स्वतःला लावून घेतला. अमेरिकेत रॉबर्ट हाइनलाइन या लेखकाची 'स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड' ही कादंबरी १९६१ मध्ये आली. मंगळावर वाढलेला एक माणूस पृथ्वीवर येतो आणि नवा धर्म सुरू करतो, असं कथानक. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, मिसूरी राज्यातल्या एका कॉलेजमधल्या टिम झेल आणि लान्स क्रिस्टी या दोन विद्यार्थ्यांनी त्या कादंबरीतल्या धर्मावरून खराच एक पंथ काढला. कादंबरीत माणसं एकमेकांना पाणी देऊन नातं जोडतात, तर यांनीही तो विधी उचलला. झेल पुढे ओबेरॉन झेल झाला, पृथ्वीमातेच्या मूर्ती घडवू लागला, आणि १९८० च्या दशकात तर त्यानं बकऱ्यांची शिंगं लहानपणीच वळवून एकशिंगी 'युनिकॉर्न' तयार केले. ते सर्कशीतही फिरले. हसू येतं, पण त्यातला क्रम लक्षात घ्या: आधी पुस्तक, मग कल्पना, मग श्रद्धा, मग कला. ज्यांच्याकडून जुने देव शेकडो वर्षांपूर्वी सुटले, त्यांना ते कल्पनेतून परत उभे करावे लागले.

जिव्या सोमा मशे यांचा जन्म १९३४ चा. हे वारली. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात आणि पलीकडे दक्षिण गुजरात, दादरा-नगर हवेलीत ही जमात राहते. इथे देव पुस्तकातून शोधून काढावे लागत नाहीत. धरतरी म्हणजे जमीन, कणसरी म्हणजे धान्य, हिरवा देव मोरपिसांच्या जुडीत असतो, आणि जंगलाच्या वाटेवर शेंदूर लावलेला वाघोबा. वाघोबाचं उदाहरण मला फार आवडतं. वारली लोक वाघ-बिबट्याला देव मानतात, दिवाळीच्या सुमाराला वाघबारस करतात, कोंबडा-बकरा देतात, आणि बदल्यात त्यानं माणसाला, गुराला सांभाळून घ्यावं असा करार असतो. करार मोडला तर दोन्ही बाजूंनी तक्रार होऊ शकते! वन्यजीव संशोधकांनी यावर केलेला अभ्यास २०२१ मध्ये छापून आला, त्यात वाघोबाच्या दीडशे ठाण्यांची नोंद आहे. ते संशोधक बिबट्या आणि माणूस शेजारी-शेजारी कसे राहतात हे शोधायला गेले होते. उत्तराचा एक भाग त्यांना देवळीत सापडला.

आता चित्रं. वारली घर कारवीच्या काठ्यांचं, माती-शेणानं लिंपलेलं. त्यावर गेरूचा हात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, त्यात थोडा डिंक, आणि बांबूची काडी टोकाला चावून मऊ केली की झाला कुंचला. आकार तीनच: वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. वर्तुळ सूर्य-चंद्रातून, त्रिकोण डोंगर-झाडांतून घेतला असं सांगतात. चौकोन निसर्गात कुठे दिसत नाही. तो माणसानं आखलेला. म्हणून तोच पवित्र. त्याला चौक म्हणतात.

लग्नात भिंतीवर चौक काढायचा मान सवाशिणींचा. आत पालघाट देवी, सुफलनाची आई. शेजारी छोट्या चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. चौक काढला म्हणून काम संपत नाही. धवलेरी म्हणून लग्न लावणाऱ्या बायका असतात, त्या गाणी म्हणतात आणि देवांना बोलावतात. हो, लग्न बायका लावतात. पुण्या-मुंबईत 'स्त्री पुरोहित' ही बातमी होते, तेव्हा मला नेहमी धवलेरी आठवतात. चौकाशिवाय लग्न नाही. आणि लग्न आटोपलं, पाऊस आला, भिंत पुन्हा लिंपली की चित्र गेलं. ते जपून ठेवायचं असतं असं कोणाच्या मनातही नव्हतं.

म्हणजे मशेंच्या लहानपणी 'वारली चित्रकार' असा कोणी नव्हताच. चित्र काढणाऱ्या बायका होत्या, आणि त्या देवीचं काम करत होत्या.

मशे सात वर्षांचे असताना त्यांची आई गेली. त्या धक्क्यानं त्यांनी बोलणंच सोडलं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. काही हवं असलं, सांगायचं असलं की मातीत बोटानं काढून दाखवायचं. मुलगा वेगळा आहे हे गावाच्या लक्षात आलं. पुढे बायकांच्या हातातली ती काडी त्यांनी हातात घेतली, आणि लग्नाची वाट न बघता, विधीचं निमित्त नसताना, रोज चित्रं काढू लागले. पुरुषानं असं करणं रीतीत बसत नव्हतं. इथे मी जरा थांबते, कारण या गोष्टीचं लोक चटकन 'बंडखोर कलाकार' करून टाकतात. मला तसं वाटत नाही. ज्याला बोलता येत नव्हतं त्यानं गावात जी एक भाषा आधीच होती ती उचलली. ती देवीची भाषा होती, म्हणून त्याचं बोलणंही तिच्याच शब्दांत झालं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारच्या हस्तकला विभागाकडून या भागात आले. त्याआधी त्यांनी बिहारमध्ये मधुबनीच्या बायकांना कागद देण्याचं काम केलं होतं. इथेही बायकांना कागद दिले, आणि त्यांना मशे भेटले. १९७५ मध्ये मुंबईत गॅलरी केमोल्डमध्ये मशेंचं प्रदर्शन झालं, १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रानं जगभरातल्या शंभराहून अधिक कलाकारांना एकत्र आणलं, त्यात मशे होते. प्रदर्शनाच्या नावाचा अर्थ 'धरतीचे जादूगार'. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांच्याबरोबर प्रदर्शन. २०११ ला पद्मश्री. १५ मे २०१८ ला ते गेले, तोवर राहणं गंजाडच्या पाड्यावरच.

'जादूगार' हा शब्द मला खटकतो. मशेंचं मासेमारीचं चित्र घ्या. अख्ख्या कापडभर जाळंच जाळं, हजारो बारीक रेघांनी विणलेलं, आणि माणसं कडेला मुंगीएवढी. किंवा झाड घराच्या दहापट, त्याच्या फांदीफांदीवर काहीतरी चाललेलं, पक्षी, खारी, मध काढणारा. पॅरिसच्या माणसाला हे कल्पनाविश्व वाटतं. आपल्यालाही वाटतं, कारण आपण शाळेत 'लांबचं लहान, जवळचं मोठं' हे शिकलोय. मशेंच्या चित्रात मोठं काय असणार हे अंतरावर ठरत नाही, त्या क्षणी महत्त्वाचं काय यावर ठरतं. मासे धरताना जाळं महत्त्वाचं, म्हणून जाळं मोठं. त्यात क्षितिज नसतं, सावली नसते. आणि एकही गोष्ट थांबलेली नसते. माणसं, जनावरं, झाडं सगळं दिवसरात्र हलत असतं, असं ते सांगायचे, आणि त्यांची रेघ नीट पाहिली तर खरंच थरथरताना दिसते. शिवारातली प्रत्येक वस्तू जिवंत आहे असं मानणाऱ्या माणसाची ती रेघ आहे. ते कल्पनेत रमले नव्हते. ते रोजचंच काढत होते, फक्त त्यांच्या रोजच्यात देवही मोडत होते.

इथून अडचण सुरू होते. पालघाटचा चौक कागदावर आला, कॅनव्हासवर आला. मशे कॅनव्हासलाही शेणाचा हात देऊन त्यावर पांढरा अॅक्रिलिक रंग वापरायचे. चौक विकला गेला, परदेशात भिंतीवर लागला. तिथे धवलेरी नाहीत, गाणं नाही, लग्न नाही. मग त्यात देवी आहे का? मी हा प्रश्न एका वारली चित्रकाराला विचारला होता. तो म्हणाला, "बोलावल्याशिवाय कोण येतं?" मला हे उत्तर पुरेसं वाटलं. चित्र म्हणजे जागा करून ठेवणं, बोलावणं वेगळं. त्यामुळे चित्र विकून देवी विकली जात नाही. पण दुसरं एक होऊ शकतं: चित्रं विकली जात राहतील आणि बोलावणाऱ्या बायका कमी होत जातील. चित्रांना बाजार आहे, धवलेरीच्या गाण्यांना नाही.

सौदीतच याला एक जोड सापडते. दक्षिणेकडच्या असीर भागात घरातल्या बैठकीच्या भिंती बायका रंगवतात. अल-कत्त अल-असिरी म्हणतात त्याला. चौकोन, त्रिकोण, आडवे पट्टे, भडक रंग. युनेस्कोनं २०१७ मध्ये तिची जागतिक वारशाच्या अमूर्त यादीत नोंद केली. बायका, भिंत, भूमितीचे आकार, शेजारणींनी मिळून केलेलं काम, हे सगळं वारली चौकासारखंच, पण आत देवी नाही. तिथे त्या रंगकामामागे पाहुणा आहे. येणाऱ्यासाठी भिंत तयार ठेवायची. मला दोन्हींत फार अंतर वाटत नाही, पण हे माझं मत झालं, असीरच्या बायकांना ते पटेलच असं नाही.

मशेंच्या मागे मुलगे सदाशिव आणि बाळू यांनी काम चालू ठेवलं. गंजाडचेच मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ तुमच्या वयाला जवळचे. त्यांनी ब्रिस्बेनच्या २०२१-२२ च्या एशिया पॅसिफिक ट्रायनियलमध्ये धरतरीची, जग कसं निर्माण झालं याची गोष्ट चितारली. देव अजून चित्रात आहेत. जमिनीचं मात्र सांगता येत नाही. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली, मच्छीमार आणि आदिवासींचा विरोध असताना. बुलेट ट्रेनचा मार्गही याच जिल्ह्यातून जातो. ज्या कलेत डोंगर, नदी, वाघोबाचं ठाणं हीच पात्रं आहेत, तिच्यासाठी हा नुसता विकासाचा वाद नाही. ओबेरॉन झेलचं घर बदललं तरी त्याचं पुस्तक त्याच्याबरोबर जातं. वाघोबा त्याच्या वाटेवरच असतो.

हे सगळं मी दादाला त्या रात्री जेवताना सांगितलं, निम्मं तरी. तो ऐकत होता, मध्येच उठून कापडाजवळ गेला. तारपा नाच गोल बंद करून नाचत नाहीत. मध्ये तारपावाला असतो, सुक्या दुधी भोपळ्याचं लांब वाद्य फुंकत, आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती गुंडाळत जाते. त्याच्याकडे कोणी पाठ करत नाही. दादाच्या कापडावर गोल पक्का बंद होता आणि मधली जागा मोकळी. छापणाऱ्यानं तारपावालाच गाळला होता.

"मग ही माणसं नाचतायत कशावर?" दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. आठवड्यानं त्यानं फोटो पाठवला. ऑफिसातलं व्हाइटनर आणून मध्ये दोन त्रिकोण, एक डोकं आणि एक वाकडा भोपळा काढला होता. भोपळा काही जमला नव्हता.