कोबोल, जावा आणि आगरच्या चिकूचा हिशेब

व्हायवात "जावाचं वैशिष्ट्य काय?" असं विचारलं की अख्खी बॅच एका सुरात सांगते, "प्लॅटफॉर्म इंडिपेंडंट, सर!" पुढे "म्हणजे काय?" असा प्रश्न आला की मात्र सगळे पंख्याकडे बघायला लागतात. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी.

प्रत्येक प्रोसेसरची मशीन लँग्वेज वेगळी. त्यामुळे पूर्वी कंपनीने कॉम्प्युटर बदलला की पगाराचा, स्टॉकचा, वसुलीचा सगळा प्रोग्राम पुन्हा लिहायला लागायचा. धंद्याला हे परवडणारं नव्हतं. म्हणून १९५९ साली अमेरिकेत सरकारी खाती, उद्योग आणि कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या एकत्र बसल्या आणि कोबोलचा जन्म झाला. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम, जवळजवळ जसाच्या तसा, आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ अशा दोन वेगळ्या मशीनवर चालवून दाखवला. म्हणजे जावा यायच्या आधी तब्बल ३५ वर्षं!

पण पुढे प्रत्येक कंपनीने आपल्या कंपायलरमध्ये जादा सोयी घातल्या आणि कोबोलच्या बोली तयार झाल्या. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. इथे एकाच कंपनीच्या दोन मशीनमध्ये बदलली. बरोज कंपनीच्या मध्यम मशीनचं कोबोल तिच्याच छोट्या मशीनवर चालत नसे. १९७४ च्या सुमारास हॉस्पिटलच्या हिशेबाचं एक पॅकेज असं मध्यमवरून छोट्यावर आणायचं काम मुंबईत फकीरचंद कोहलींच्या टीसीएसकडे आलं. टीसीएसने ते आयसीएल १९०३ या तिसऱ्याच कंपनीच्या मशीनवर केलं. हाताने ओळ न् ओळ बदलण्यापेक्षा एका बोलीतून दुसऱ्या बोलीत भाषांतर करणारा प्रोग्रामच लिहिला. ज्या आयटीच्या भरवशावर आपण ही ब्रँच घेतली, तिची सुरुवातीची कमाई अशी भाषा प्लॅटफॉर्म इंडिपेंडंट नव्हती म्हणून झाली. (हे व्हायवात सांगू नका, मार्क मिळत नाहीत.)

१९९५ मध्ये सनने जावा आणली आणि वेगळी युक्ती केली. कंपायलर मशीन कोड न देता बाइटकोड देतो आणि तो व्हर्च्युअल मशीन चालवतं. विंडोजचं व्हर्च्युअल मशीन वेगळं, लिनक्सचं वेगळं. म्हणजे प्लॅटफॉर्मचा त्रास संपला नाही, तो प्रोग्रामरच्या डोक्यावरून व्हर्च्युअल मशीन लिहिणाऱ्याच्या डोक्यावर गेला. शिवाय जावात इंट कुठेही ३२ बिटांचाच. सी मध्ये तो कंपायलरवर अवलंबून.

एवढं करूनही डेटा उरतोच, आणि धंद्यात खरी गोम तिथेच असते. मी डहाणूकडचा, त्यामुळे उदाहरण चिकूचंच. समजा आमच्या आगरच्या एका व्यापाऱ्याने बागायतदारांना कोड दिलेत, काही आकड्याने सुरू होणारे, काही इंग्रजी अक्षराने. त्याच्या पीसीवर आस्की चालतं, त्यात क्रमाने आकडे आधी येतात, अक्षरं नंतर. ही लावलेली यादी पैसे जमा करण्यासाठी बँकेच्या आयबीएम मेनफ्रेमवर गेली. तिथे एबसिडिक. त्यात अक्षरं आधी, आकडे नंतर! दोन फाईली क्रमाने जुळवत जाणारा प्रोग्राम एका कोडपाशी पुढे निघून जातो आणि "खातं सापडलं नाही" म्हणतो. प्रोग्राममध्ये एकही बग नाही, कंपायलरही खूश, पण ज्याने पहाटे उठून चिकू उतरवले त्याचे पैसे अडकले. अशा वेळी भाषा कोबोल आहे की जावा, याने काडीचा फरक पडत नाही. यादी त्या मशीनवर पुन्हा लावूनच घ्यावी लागते.

लॅबमध्ये विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी असतील तर एक प्रयोग करा. जावामध्ये सी ड्राइव्हचा पूर्ण पाथ देऊन एक फाईल लिहा आणि तीच क्लास फाईल लिनक्सवर चालवा. एरर येईल असं वाटतं ना? येत नाही. लिनक्सला तो उलटा स्लॅश साधं अक्षर वाटतो, आणि चालू फोल्डरमध्ये सी, कोलन, स्लॅश अशा अख्ख्या नावाची एक फाईल गुपचूप तयार होते.